उंबऱ्याबाहेरची सासू

मी ख्रिस्ती झाले ती नवऱ्याच्या मागं फरफटत. खोटं कशाला बोलू? चर्चच्या मंडळीतल्या बायका देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभ्या राहतात, कुणाला स्वप्न पडलेलं असतं, कुणाचा ताप उतरलेला असतो. माझं तसलं काही नाही. मी तोंडानं फटकळ, डोक्यानं तापट, आणि देवाशीही भांडतच आले.

आमचं गाव अमळनेरपासून दोन कोसांवर. शेतकऱ्याचं घर, खाऊनपिऊन सुखी. सरकारनं खानदेशाचे दोन जिल्हे केले, त्यानंतरच्या एका प्लेगात सारं गाव शेतात झोपड्या घालून राहिलं. आमची एकुलती मुलगी त्यात गेली. तिला पुरायला भाऊबंदांतला एक माणूस पुढं आला नाही. धुळ्याकडचा एक ख्रिस्ती उपदेशक तेव्हा झोपड्यांतून औषध वाटत फिरत होता. त्यानं खड्डा खणला, मुलीला स्वतःच्या हातांनी ठेवलं, आणि माती लोटून झाल्यावर ह्यांच्याजवळ गप्प बसून राहिला. ज्याची सावली आम्ही अंगावर पडू देत नव्हतो अशा जातीत जन्मलेला माणूस तो. ह्यांना तेवढं पुरे झालं. पुढं ह्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि एकटी मागं राहून करू काय, म्हणून मीही घेतला.

थोरल्या दिरांनी आम्हाला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. सासू चुलीपुढं पाठ करून बसली होती, तिनं मान वळवली नाही. आम्ही जळगावला आलो. ह्यांना कापसातली सरकी काढायच्या जिनात काम मिळालं, ख्रिस्ती वस्तीत एक खोली मिळाली. मला सारखं वाटायचं, देव बदलून काय पदरात पडलं? मुलगी गेली ती गेलीच, वर घर गेलं, शेत गेलं. हे मात्र शांत असायचे. मला त्या शांतपणाचाही राग यायचा.

ही शांती मोडली ती पुढच्या श्रावणात. आमच्याकडे श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू काढतात तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडतात. पोरगा परमुलखात असला तरी त्याची मूठ पडते. मेलेल्याची तेवढी पडत नाही. गावचा एक गाडीवान कापूस घेऊन जिनात आला, त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं की मायनं औंदा धाकट्याची मूठ टाकली नाही. हे घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. मी म्हटलं, "आपण आता कानबाई मानत नाही ना? मग कसलं एवढं मनाला लावून घेता?" हे म्हणाले, "कानबाईचं नाही गं. मायनं मला मेलेल्यांत धरलं."

जिनातली कापसाची धूळ ह्यांच्या छातीत बसली. खोकला लागला, मग रक्त पडायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. ह्यांना ते न सांगताच कळलं होतं. ह्यांचं एकच मागणं होतं, मायनं एकदा यावं आणि आपल्याला लेक म्हणून हाक मारावी. पडल्या पडल्या मला म्हणाले, "मायले सांग, मी जिता शे अजून."

शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवून मी गावी गेले. थोरले दीर ओट्यावरच होते, त्यांनी पायरी चढू दिली नाही. आवाज ऐकून सासू दारात आली. मी निरोप सांगितला. ती म्हणाली, "मन्हासाठे तो मरी गया." झालं, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी भर गल्लीत तोंड सोडलं. "मेला म्हणता, आत्याबाई? मग सुतक पाळलंत का? माझ्या बांगड्या फोडायला कोण आलं होतं? तुमचा लेक तिकडं रक्त ओकतोय आणि तुमचं नाव घेतोय!" गल्लीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. सासू आत गेली. मला वाटलं, दार लावणार. ती पिठाचं गाठोडं आणि पितळी लोटा घेऊन बाहेर आली. दीर म्हणाले, "माय, गई ते परत येऊ नको." ती माझ्यापुढं चालायला लागली.

आली खरी, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीना. हे आतून म्हणाले, "माय, आत ये ना." ती म्हणाली, "अठेच बरं शे." दारात बसून ती ह्यांच्याकडं टक लावून बघायची. अंगणात तीन दगड मांडून आपली भाकरी आपण भाजायची. आमच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी तिला चालत नव्हतं, लांबच्या विहिरीवरून स्वतः लोटा भरून आणायची आणि कुणाचा हात लागू नये म्हणून जपायची. बाटले नाही असं दिसलं तर थोरला परत घेईल, ही तिची आशा. मला ते कळत होतं, आणि तरी तिचा गळा दाबावासा वाटत होता. हे मात्र म्हणायचे, आली ना, डोळ्यांपुढं आहे ना, राहू दे. लेक म्हणून हाक तिनं अजून मारली नव्हती.

एका दुपारी मी औषध आणायला दवाखान्यात गेले. परत येऊन बघते तर सासू आत. ह्यांचं डोकं तिच्या मांडीवर, लोटा रिकामा, आणि पाणी ओठांवरून गळ्यावर ओघळून उशी भिजलेली. हे गेलेले होते. तिनं मान वर न करता म्हटलं, "मले उशीर व्हयना." उशीर झाला म्हणाली, त्यावरून मी समजले ते असं, की ह्यांनी पाणी मागितलं, म्हातारी लगबगीनं उठली, पण गाठ पडली नाही. मला तिची कीव आली. पहिल्यांदाच आली.

आमच्या चर्चच्या पाळकानं प्रार्थना केली, वस्तीतल्या लोकांनी खांदा दिला, आणि ह्यांना मातीत ठेवलं. सासू लांब उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. थोरल्या दिरांना निरोप धाडला होता, ते आले नाहीत आणि आईला न्यायलाही कुणी पाठवलं नाही. ती अंगणातच राहिली. मी ह्यांच्याच जिनात कामाला लागले. तिला कोरडा शिधा द्यायची, ती आपला शिजवून खायची. आम्ही दिवस दिवस बोलत नव्हतो. मी आमच्या ख्रिस्ती देवळात जायची, तिथं सगळ्यांबरोबर गुडघे टेकायची, पण मनातून देवाला म्हणायची, तुझं तू बघ, माझं मी बघते.

पावसाळा सरत आला होता. एका रविवारी मी देवळातून घरी आले तर सासू अंगणातल्या आपल्या चुलीपुढं बसलेली. तव्यावर भाकरी होती. कुणी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, "तेन्ही मले हाक मारी व्हती. मी ऐकी. मी उठनू नही." मग तुटक तुटक सगळं सांगितलं. ह्यांनी पाणी मागितलं होतं. ती लोटा मांडीवर धरून दारात बसून राहिली. आत गेले, ह्याला शिवले, तर थोरल्याचं दार कायमचं बंद, ह्या एका भीतीनं. हे मागत राहिले आणि मग मागायचे थांबले. थांबले तेव्हा ती उठली.

बाई गं! मी तिचं गाठोडं उचलून रस्त्यावर भिरकावलं. "चालत्या व्हा! माझा नवरा तहानलेला मेला, तुमच्या डोळ्यांदेखत मेला! पुन्हा तोंड दाखवू नका." तिनं गाठोडं उचललं आणि निघाली.

मी दार लावून घेतलं आणि आत येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं देवाशी भांडले. शेजारी काय म्हणतील ह्याचं भान नव्हतं. "तू तर इथंच होतास ना? मग तू का नाही पाजलंस पाणी? मी औषधासाठी पायपीट करत होते, ती भीतीनं बसली होती, आणि तू काय करत होतास?" उत्तरादाखल आला तो भाकरी करपल्याचा वास. दार उघडून बघितलं तर तव्यावर भाकरी काळी होऊन धुमसत होती. म्हातारी उपाशी गेली होती.

मी धावले. मनात दया नव्हती, राग जिथल्या तिथं होता. तिच्या मागं जावं असं मला मुळीच वाटत नव्हतं, आणि तरी माझे पाय थांबेनात. मला ते अडवता येईनात. स्टेशनच्या रस्त्याला, एका कुंपणाच्या कडेला ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. पुढं जायला तिला गावच नव्हतं.

"उठा," मी म्हटलं.

"कठे?"

"घरी."

"कोनं घर?"

"तुमच्या लेकाचं," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग ह्यांचं लहानपणचं नाव घेऊन असा हंबरडा फोडला की जाणारी-येणारी माणसं थांबली. लेका, लेका म्हणत तिनं छाती बडवून घेतली. मी खाली बसले आणि तिचे हात धरले. मीही रडत होते, आणि माझ्या तोंडून प्रभू, प्रभू एवढंच निघत होतं. तोवर प्रभूचं नाव मी नेहमी ह्यांच्या मागं बसून, ह्यांचं ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी ते माझं मी घेतलं.