आटवलेला स्वेटर

समोरच्या गॅलरीत शेजारच्या लीलाताई आपल्या गेलेल्या नवऱ्याचा लोकरी स्वेटर सकाळपासून बादलीतल्या कढत, साबणाच्या पाण्यात चोळत होत्या.

“आटेल हो तो,” मी म्हटलं.

“आटवतेच आहे. सून लोकर मागत होती, नातवासाठी.”

आपल्याकडे स्वेटर असाच पुढे जातो. तो उसवायचा, लोकरीचा गुंडा करायचा आणि नव्या मापाने विणायचा. माणसं जातात, लोकर घरात फिरत राहते. पण कढत पाण्यात चोळलेली लोकर आपल्यातच गुंतून घट्ट होते. टाके दिसेनासे होतात. कात्री लावली तरी धागा सुटत नाही.

संध्याकाळी तो दोरीवर वाळत होता. आटून थेट लहान मुलाच्या मापाचा झाला होता, आणि इतका ताठ, की कुठल्याच मुलाला घालता आला नसता.