रोज तीन लिटर

त्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आलं आणि पुण्याहून प्रशिक्षण घेऊन मी आलो. उपयोग पाण्याचा जास्त झाला.

फुफ्फुसाचा कॅन्सर फार पुढे गेलेल्यांना एकच औषध द्यावं की दोन मिळून, याची चाचणी आमच्या रुग्णालयात सुरू होती. रुग्णांना ती समजावणं हे माझं काम.

उदगीरकडच्या एक मावशी आल्या. कपाळावर भस्म, गावात किराणा दुकान. कुणाला कुठलं औषध हे आम्ही ठरवत नाही, ते यादृच्छिक असतं, असं मी बराच वेळ सांगत राहिलो.

"म्हंजी ईश्वरचिठ्ठी," त्या म्हणाल्या. "सारखी मतं पडली की पंचायतीत काढतेत तशी."

पुढच्या प्रत्येक रुग्णाला मी हेच सांगितलं, स्वतःला सुचल्यासारखं.

मावशींना दोन औषधं आली. त्यातलं एक किडनीला जड, म्हणून मी वही दिली : रोज तीन लिटर पाणी प्यायचं आणि लिहायचं. तिसऱ्या खेपेला रक्ताचा रिपोर्ट बिघडला. वहीत मात्र रोज तीन लिटर. भर वॉर्डात मी आवाज चढवला, "खोटं का लिहिलं?"

"तुमी लिहा म्हणलात, लिहिलं. टँकर आठ दिवसाला येतोय, साहेब. घरात सहा माणसं, एक म्हैस. म्हशीला काय सांगू, चाचणी चालू हाय म्हणून?"

माझ्या इमारतीत टँकर एक दिवसाआड यायचा. पाणी आहे का, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

रविवारी मोटरसायकलला पाण्याचे दोन जार बांधून भगीरथाच्या थाटात मावशींच्या गावी निघालो. वाटेत एकाचं झाकण उडालं. पोचलो तेव्हा तो जार निम्मा आणि माझी पँट चिंब. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मावशींनी त्याच पाण्याचा सगळ्यांना चहा केला. मी दोन कप प्यायलो.

सोमवारी हे सगळं मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, दर खेपेला दोन दिवस जास्त ठेवून सलाइन देऊ. एवढंच तर आहे!"

किडनी सावरली. दिवाळीपर्यंत मावशी दुकानात बसत होत्या. संक्रांतीच्या आधी घरीच गेल्या.

मी मातीला गेलो. दवाखान्याचे साहेब म्हणून लोकांनी मला पुढे नेलं. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, हेही मला ठाऊक नव्हतं. शेजारचा माणूस करेल तसं करत राहिलो आणि त्याच्याआधी रडलो.