पक्क्या भिंतीला झड

अंगठ्याचं नख विटेत रुतवायचं, मान तिरपी करायची आणि म्हणायचं, "वरून पक्की दिसते रे. आतून कोणी पाह्यली?" मुरबाडच्या पेठेतल्या विटांच्या माडीच्या मालकीणकाकींची सकाळ अशी सुरू व्हायची.

मंडळी, हे वाक्य फक्त विटांसाठी नव्हतं. कलिंगड, नवरदेव, तालुक्याला आलेला नवा साहेब, सगळ्यांना तेच. माझं शिवणयंत्र त्यांच्याच माडीखाली होतं. चोळीचं माप मी घेतलं, की त्या घरी जाऊन सुतळीनं पुन्हा घ्यायच्या.

ती माडी म्हणजे पेठेतली पहिली पक्की इमारत. बाकी सगळी दुकानं कुडाची. खाली आम्ही तिघं दुकानदार, वर काकी. यजमानांनी हौसेनं बांधली आणि विटा आणल्या धसईहून, काकींच्या थोरल्या भावाच्या भट्टीतल्या. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीतली एक वीट चिखल होऊन गळली.

भाऊ म्हणाला, "भट्टीच्या कडेची एखादी कच्ची ऱ्हातेच गो बाय."

काकींना पटलं नाही. भावानं बहिणीच्या गळ्यात कडेचाच माल मारला, असं त्यांनी ठरवून टाकलं. यजमान गेले, संशय राहिला. धसई बंद, भाऊबीज बंद.

आणि दर पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याची झड, म्हणजे पावसाचा मारा अडवणारा पेंढ्याचा पडदा. कुडाच्या घराला झड सगळेच बांधतात. विटांच्या माडीला पेंढा नेसवणाऱ्या काकी एकट्याच. शेजारचा कापडवाला म्हणायचा, "काकी, माडीला हुडहुडी भरली काय? काढा पाजा!"

"तुझ्या लुगड्याचा रंग पयल्या पाण्यात जातो. तू नको बोलूस."

मग लढाई आली. पेंढा गाड्या भरभरून कल्याणकडच्या लष्करी छावणीत जाऊ लागला आणि काकींना झडीपुरताही मिळेना. आभाळ भरून आलेलं, भिंत उघडी! "माल हलवा रे, माडी बसणार," त्यांनी आम्हाला बजावलं. कोणी हललं नाही. सगळा पावसाळा काकी इरलं डोक्यावर घेऊन त्या भिंतीसमोर उभ्या. पडली तर डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. राहिली तर इतक्या वर्षांचा अबोला फुकट ठरणार होता. त्यांना यातलं काय हवं होतं, देव जाणे.

भिंत राहिली. एक वीटसुद्धा गळली नाही.

भाऊबिजेला काकी दुकानात आल्या. "मास्तर, धसईला चला. साक्षीला. नायतर तो उद्या म्हणेल, मी आलीच नाय."

छकड्यात वाटभर त्यांनी करंज्यांचा डबा मांडीवरून उतरवला नाही. मी धरतो म्हटलं, तर माझ्याकडेच रोखून पाहिलं.

भाऊ ओटीवर बसला होता. उठला नाही. काकींनी डबा उघडून पुढं केला. "भिंतीला काय झाला नाय, दादा."

त्यानं डब्यात वाकून पाहिलं. मग एक करंजी उचलली, हुंगली आणि काकींच्या हातात दिली.

"आधी तू खा."

एका आईची लेकरं! मी हसू लपवायला बैलांकडे वळलो. काकींनी अर्धी करंजी खाल्ली, गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. भावानं उरलेली अर्धी त्यांच्या हातातून घेऊन तोंडात टाकली, आणि बसल्या जागी थोडा बाजूला सरकला.