दसऱ्यानंतरचा निळा प्रकाश

आमच्या कर्जतच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र घेणारे आम्ही तिघंच होतो. त्यामुळे मी वर्गात पहिली आले, याचं घरी कुणाला फारसं कौतुक नव्हतं. वडिलांनी अट घातली होती: विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेत निवड झाली तर एम.एस्सी., नाहीतर आमच्या पोशीर गावाहून रोज शिळफाट्याला काकांच्या खताच्या दुकानात बसायचं. मला खताचा वाससुद्धा सहन होत नाही.

म्हणून आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांच्या मदतीने मी यंत्र केलं. यंत्र म्हणजे काय, तर एक जेवणाचा डबा, त्याला काचेची खिडकी आणि आत प्रकाश मोजणारा सेन्सर. तो कॉलेजच्या गच्चीवर ठेवून उन्हातला लाल आणि निळा प्रकाश मोजायचा, त्यावरून हवेतली धूळ ओळखायची. कित्येक दिवस आकडे जागचे हलले नाहीत. मग दसरा झाला आणि निळा प्रकाश एकदम घसरला.

माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. दहिवलीकडे भातझोडणी सुरू झाली होती. तिची धूळ निळा प्रकाश खाते, असा सिद्धान्त मी लगेच उभा केला. सरांनी त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलं. लाल प्रकाश का घसरला नाही, याचंही कारण आम्हाला सापडलं. कारणं काय, शोधली की सापडतात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी सहज ओढणीने काच पुसली, आणि निळा प्रकाश परत आला. ओढणी पिवळी झाली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या प्रयोगशाळेत सगळ्या उपकरणांना हळद-कुंकू लागतं, आणि ते सर स्वतःच्या हाताने लावतात. मला रडूच फुटलं. सर काचेकडे बघत म्हणाले, जे झालं तेच सांग.

मी तेच सांगितलं. परीक्षक हसले. प्रयोगशाळेत हळद लावली कुणी, असं त्यांनी विचारलं. मागच्या रांगेत सर उभे राहिले.

"मी लावली," ते म्हणाले. "दरवर्षी मीच लावतो."

मोठमोठ्या कॉलेजांचे प्राध्यापक माना वळवून त्यांच्याकडे बघत होते. मला सरांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

निवड झाली नाही. घरी सगळं सांगितलं, तर वडिलांनी निवडीचा विषयच काढला नाही.

"सगळ्यांसमोर उबे रायले तुजे सर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग शिक गं अजून. दुकान काय पळून जात नाय."

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम कॉलेजात गेले. पूजा झालीच. हळद मात्र सरांनी डब्याच्या पाठीवर लावली, आणि तीही मला विचारून.