दिवेलागणीचा फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ऋतुजाला, माझ्या मुलीला, तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

मी दौंडच्या एका शाळेचं ऑफिस सांभाळते. सकाळी कामं लिहून काढायची आणि संध्याकाळपर्यंत एकेक खोडायचं, ही माझी सवय. ऋतुजाला डॉक्टर व्हायला चीनला पाठवलं तेही असंच, नीट आखून. ती सुट्टीला घरी आली आणि कोरोनामुळे परतीची वाट बंद झाली. कॉलनीतल्या बायका लांबूनच विचारायच्या, "वहिनी, पोरीनं तिकडनं काय काय आणलं?" मी हसून सोडून द्यायचे. पोरगी मात्र खोलीबाहेर येईना. क्लास मोबाईलवर, जेवण अर्धं, बोलणं त्याहून कमी.

तिला रोज एकच व्हिडिओ फोन यायचा — लिनचा. लिन तिकडचीच, तिच्या विद्यापीठातली. ऋतुजाला चिनी बोलायला शिकवता शिकवता तिची मैत्रीण झालेली. विद्यापीठाचं गेट बंद, मुली हॉस्टेलात कोंडलेल्या. लिनला झोप नव्हती, अन्न जात नव्हतं. खोलीतल्या मुलींसमोर रडायची लाज वाटे, म्हणून ती जिन्यात बसून फोन करायची. तिकडे रात्र झालेली असायची, आपल्याकडे दिवेलागण.

सासूबाई मांडवगणच्या. देवापुढे दिवा लावला की घरात कुणी रडायचं नाही, हा त्यांचा नेम. इथे तर फोनमधली रडतेय आणि तिला बघून आमची. एकदा त्या मला म्हणाल्या, "दिवा लावल्यावर डोळ्यातनं पानी काढू न्हाई. त्या लीनाला सांग, बाई, सकाळच्या पारी रड म्हनावं." आम्ही दोघी हसलो. हो — हसलो.

मी तो नेम मानत होते का? खरं सांगू, नाही. पण तो सोयीचा वाटला. माझी मुलगी खंगत होती आणि बोट दाखवायला मला कुणीतरी हवं होतं. तिला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं, तर कॉलनीत काय सांगायचं? त्यापेक्षा फोन बंद करणं सोपं होतं.

एका संध्याकाळी ऋतुजा गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. खाली राहिलेला तिचा फोन वाजला. मी उचलला. मला बघून लिननं आधी डोळे पुसले. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, आज मला एकटं राहायची भीती वाटतेय, ऋतुजाला बोलवा.

मला नीट कळलं नाही, असं आज म्हणता येईल. पण — कळलं होतं. अगदी नीट.

मी म्हणाले, "तिला तुझ्याशी बोलायचं नाही. पुन्हा फोन करू नकोस."

ती "ओके, आंटी" म्हणाली. वर सॉरीही म्हणाली. मी तिला ब्लॉक केलं, नाव काढून टाकलं आणि कुकर लावला. एक काम उरकल्यासारखं हलकं वाटलं.

ऋतुजा फोनची वाट बघत राहिली. शेवटी मीच म्हणाले, "तिनंच तुला काढून टाकलं असेल. असतात माणसं तशी." तिनं विश्वास ठेवला. आई खोटं कशाला बोलेल? त्यानंतर ती दिव्याच्या वेळी रडली नाही. कुणाशी बोललीही नाही.

वाट उघडल्यावर ती परत गेली. लिन तिथे नव्हती. शिक्षण अर्धवट सोडलेलं. आईवडील येऊन घेऊन गेले, एवढंच मुलींना माहीत. पुढचं कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी ऋतुजानं फोन केला. म्हणाली, "आई, मी तिला असं काय बोलले होते गं, की तिनं मला तोडलं?"

म्हणजे इतके दिवस ती स्वतःची चूक शोधत होती. निदान तेव्हा तरी सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर होते — आणि मी विचारलं, "जेवलीस का?"

ती "जेवले" म्हणाली. मी फोन ठेवला.