हलकं रिलीज

नव्या चामड्याचा वास आला की रियाधमधलं तिरंदाजीचं दुकान आठवतं. प्लान्टमधल्या अपघातानंतर ह्यांना बोटांनी धनुष्याची दोरी ओढवत नव्हती, म्हणून मनगटाला बांधायचं, ट्रिगर दाबला की दोरी सोडणारं रिलीज घ्यायला आम्ही गेलो होतो. दुकानदाराने एकेक करत चार बांधून पाहिली. प्रत्येक वेळी ह्यांच्या बोटाने ट्रिगर दबेना. "भाईसाब, इससे हल्का नहीं आता," तो हळूच म्हणाला. मी न राहवून हात पुढे केला. "तू दाबू नकोस गं," हे म्हणाले. मी भिंतीवरच्या धनुष्यांकडे बघत उभी राहिले. आजही ह्यांच्या शर्टाचं बटण अडलं, की मदत करावी की पाठ फिरवावी, मला कळत नाही.