हरण्यासाठीचं कोटेशन

पालघरला मी एका सरकारी कार्यालयात दाखल्यासाठी थांबले होते. तेवढ्यात सरावलीचे एक वेल्डिंगवाले काका नमुन्याचं बाकडं खांद्यावर घेऊन आले. शाळांसाठी बाकडी घ्यायची होती, त्यासाठी तीन कोटेशन लागत होती. काकांनी बाकडं रुमालाने पुसलं आणि ते डुगडुगत नाही हे दाबून दाखवलं. लिपिकाने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काका, काम कोणाला द्यायचं ते ठरलंय. तिसरं कोटेशन तुम्ही द्या. हा बघा त्यांचा दर, याच्यापेक्षा जास्त लिहा."

"मंजे मी हरायला दर भरू?"

"सगळेच भरतात हो. पुढच्या वेळी तुमचं बघू."

लबाडी इतक्या गोड आवाजात मागतात? माझी कानशिलं तापली.

काकांनी शांतपणे स्वतःचा कमी दरच लिहिला आणि कागद पुढे सरकवला.

"याने काम मिळणार नाही, काका."

"नको मिलू दे. पन कमी दरवाला आला होता, ते तुमच्या फायलीत राहू दे. शिक्का मारून पोच द्या."

लिपिकाचं हसू मावळलं. शिक्का सापडत नाही, म्हणाला.

शिक्का त्याच्या कोपरापाशीच होता. अनोळखी माणसांसमोर मला शब्द फुटत नाही. मी बोट दाखवलं.